तारण म्हणजे गृहकर्ज नव्हे: मैत्रिणीला येशूबद्दल कसं सांगावं?

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे, नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. पुण्यात नोकरी करते. माझी रूममेट हिंदू आहे, दर मंगळवारी उपवास करते. तीन वर्षं आम्ही एकत्र राहतोय, छान जमतं. आमच्या तरुण संघात सांगितलंय की वर्षअखेरपर्यंत प्रत्येकाने निदान एक आत्मा प्रभूकडे आणावा. मला ते जमत नाही. बोलायला जावं तर घशात अडकतं, गप्प बसावं तर अपराधी वाटतं. बातम्या वाचून भीतीही वाटते. परवा तीच म्हणाली, "दर रविवारी काय करता गं तुम्ही तिथे?" मी "काही नाही, प्रार्थना" म्हणून विषय बदलला. पाळकसाहेब, मी काय करू?

उत्तर:

सलाम, मुली. मी चौतीस वर्षं पाळक होतो, आधी नगरकडच्या खेड्यांत आणि नंतर पुण्यात. त्याआधी दोन वर्षं सायकलला शुभवर्तमानांची, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांची, पिशवी अडकवून सुवार्तिक म्हणून फिरलो. सांगणार आहे त्यातलं निम्मं माझ्या चुकांमधून आलेलं आहे, हे आधीच कबूल करतो.

आधी ते 'वर्षअखेरपर्यंत एक आत्मा' डोक्यातून काढून टाक. हिशेब विमा एजंटाने ठेवायचा असतो. नव्या करारात प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं आणि वाढवलं ते देवाने. ज्याचं काम वाढवणं नाही त्याला वाढीचं टार्गेट कसलं द्यायचं? आणि टार्गेट आलं की माणूस दिसेनासा होतो. तुझ्या पत्रातच बघ. तुझी भीती, तुझा अपराधीपणा, तुझा तरुण संघ, सगळं आहे. ती मंगळवारी उपवास करते एवढं एक वाक्य सोडलं तर तिच्याबद्दल काहीच नाही. तो उपवास गणपतीचा की देवीचा? घरातून आलेला की तिने स्वतः धरलेला? तीन वर्षांत तू विचारलं आहेस का?

रागावून म्हणत नाही. मीही असाच होतो.

एका टंचाईच्या वर्षी आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, गावोगाव ज्वारी वाटायचं ठरवलं. मला पाळकपदाची दीक्षा नुकतीच मिळाली होती, अंगात उत्साह मावत नव्हता. एका वस्तीवर पोती उतरवली आणि लोकांना आधी खाली बसवलं. दोन गाणी, एक लांब प्रार्थना, मग पाऊण तास संदेश. नंतर ज्वारी. सगळे शांत बसले होते, मला वाटलं काय मन लावून ऐकतायत! निघताना एक म्हातारबाबा जवळ आले. म्हणाले, "सायेब, बोलणं ग्वाड व्हतं तुमचं. पण आधी जवारी दिली असती अन् मग म्या बसलो असतो, तर मला कळलं असतं म्या कशापायी बसलो. आता माझं मलाच कळंना."

त्यांनी तक्रार केली नव्हती. येशूबद्दलही वाकडा शब्द काढला नव्हता. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की ऐकायचं की नाही हे ठरवायची सोयच मी त्यांना ठेवली नाही. त्यानंतर मी एक पथ्य धरलं: समोरचा माणूस काहीही न गमावता 'नको' म्हणू शकत नसेल, तिथे विषय काढायचा नाही. ज्वारी न गमावता, नोकरी न गमावता, मैत्री न गमावता.

या पथ्याचे कंगोरे मला पुढे हळूहळू कळले. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, म्हणून तिथे त्याने विचारल्याशिवाय बोलत नाही. प्रार्थना करायची असली तर आधी विचारतो, आणि नको म्हटलं तर बाहेरच्या बाकावर बसून मनात करतो. बरं व्हाल असं वचन देत नाही, औषध बंद करा असं तर कधीच म्हणत नाही. चमत्काराच्या नावावर फसवणूक करणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे, पण कायदा नसता तरी ते पापच आहे. हाताखालच्या माणसाशी मी विषय काढत नाही. आणि लेकरांशी तर आईबापांना ठाऊक असल्याशिवाय नाहीच.

लेकरांचं निघालं म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह. पैसा अमेरिकेतून यायचा, पण अट अशी की मुलींना धर्म शिकवायचा नाही, ज्याने त्याने आपापला पाळावा. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. सकाळी त्या आपल्या खोलीत स्वतःच्या मुलीला घेऊन पवित्र शास्त्र वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि दार उघडं ठेवायच्या. सदनातल्या मुली हळूहळू येऊन बसायला लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, वर्तमानपत्रांनी झोडपलं. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या.

आमच्या मंडळ्यांत ही गोष्ट सांगताना रमाबाईंची बाजू घेतात. मीही घेतो. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून करा असं कुणी कुणाला सांगू नये. पण मी दोन मुलींचा बापही आहे. भरवशावर मुलगी ठेवलेल्या त्या भावाला किंवा सासऱ्याला काय वाटलं असेल, हेही मला दिसतं. ज्या बाईने आपल्याला अन्न दिलं, अक्षर दिलं, जिच्यावाचून जायला जागा नाही, तिचं उघडं दार नुसतं उघडं दार राहत नाही, ते ओढतं. रमाबाईंनी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या हातात जास्त आहे त्याने दाराचा विचार जास्त करावा, एवढं त्यातून मी घेतलं.

तुझं आणि तुझ्या मैत्रिणीचं तसं नाही. भाडं निम्मं-निम्मं, स्वयंपाक आळीपाळीने. इथे दार खुशाल उघडं ठेव. उलट तू ते लावून घेतलं आहेस. तिने विचारलं आणि तू म्हणालीस "काही नाही"!

भीतीचं म्हणशील तर आपल्या लोकांच्या गळ्यात दोन धोंडे आहेत. एक बळजबरीचा. गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, १५६० ला इन्क्विझिशन आणलं, ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. 'ते आमच्या पंथाचे नव्हते' असं म्हणून आपण नगरवाले हात झटकतो, पण ऐकणाऱ्याला पंथ कळत नाहीत, त्याला क्रूस कळतो. दुसरा धोंडा पोटाचा. दुष्काळात मिशनने जेवू घातलं, माणसं जगली, त्यातली कितीतरी ख्रिस्ती झाली, आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांच्या नातवंडांपर्यंत आला. माझ्या आजोबांनाही तो ऐकावा लागला होता. माणूस मरत असताना भाकरी द्यायची नाही असं थोडंच आहे? पण म्हातारबाबांचा प्रश्न तिथेही उभा राहतोच.

म्हणून कुणी तुला "तुम्ही लोक धर्मांतर करता ना?" असं विचारलं तर चिडू नकोस. त्या प्रश्नामागे खरा इतिहास आहे. आणि तेवढाच खरा दुसराही इतिहास आहे. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये आले, इथली भाषा शिकले आणि येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली पुराणं सुटल्याची रुखरुख होती, म्हणून त्यांना त्यांच्याच छंदात दुसरं पुराण द्यावं, हा विचार. १६१६ मध्ये ते छापून निघालं. मराठीवर माया करणारे आजही त्यांचं नाव काढतात, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत.

आता माझी आवडती गोष्ट. १८९३ च्या सुमाराची. नारायण वामन टिळक, आपले रेव्हरंड टिळक, तेव्हा रेव्हरंड नव्हते. नोकरीसाठी राजनांदगावला चालले होते. आगगाडीच्या डब्यात समोर एक साहेब. त्याने बोलणं कशावरून काढलं? संस्कृत काव्यावरून. दोघांची रंगली. मग येशूचा विषय निघाला, साहेबाने नवा करार हातात दिला, वाचाल असं वचन घेतलं. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला म्हणे. (हे शेवटचं वाक्य मी असतो तर म्हटलं नसतं.) प्रवास संपला, दोघे आपापल्या वाटेने गेले. टिळकांनी दिलेल्या शब्दाखातर वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या साहेबाने केलं काय? समोरच्याला जे प्रिय होतं ते त्याने आधी ऐकलं, आणि ते त्यालाही आवडत होतं, सोंग नव्हतं. मग दिलं ते पुस्तक, स्वतःचं मत नव्हे. आणि मागे पत्रं पाठवून छळलं नाही. टिळक पुढे म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो. तो पूल साहेबाने बांधलेला नव्हता. देहूच्या माणसाने अडीचशे वर्षं आधी बांधून ठेवला होता. तुझ्या मैत्रिणीकडेही असा एखादा पूल असेल. तिच्या मंगळवारात असेल, तिच्या आजीच्या एखाद्या ओवीत असेल. तो तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलेलं नाहीस.

याच टिळकांची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. ताटातूट, नातेवाइकांचे बोल, मुलाची ओढाताण. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्याला पुढे आणखी पाचेक वर्षं गेली. ती वर्षं त्यांनी आपल्या आठवणींत अशा हसतखेळत लिहिलीत की वाचताना आपण हसतो आणि पुस्तक मिटल्यावर गलबलतं. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, हे मोठं. पण आधी सांगितलं नाही, हेही खरं. म्हणून माझ्याकडे कुणी बाप्तिस्म्यासाठी आलं की माझा पहिला प्रश्न असे: घरी कुणाला सांगितलंस?

आता भाषेकडे येतो, कारण आपली गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते. आपण लहानपणापासून मंडळीत बसून एक वेगळीच मराठी बोलायला शिकतो आणि ती सगळ्यांना कळते असं धरून चालतो. बाहेर 'तारण' म्हटलं की लोकांना बँक आठवते. 'माझं तारण झालं' असं तू तिला म्हणालीस तर ती विचारेल, "कुठे, गृहकर्जाला?" 'अभिषेक' म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर पिंडीवरचं दूध येईल. 'पवित्र आत्म्याने मला सांगितलं' म्हणालीस तर ती जरा दूर सरकून बसेल. 'पाप' हा शब्द कळेल, पण तिच्या कानात तो पुण्याच्या जोडीने वाजतो, जमाखर्चाच्या वहीसारखा. तुझ्या मनातलं पाप म्हणजे तुटलेलं नातं. एकच शब्द आणि दोन अर्थ. वाद तिथेच सुरू होतो, आणि दोघींनाही वाटतं की आपण धर्मावर भांडतोय.

यावर उपाय सोपा आहे. घरी बसून तुझी गोष्ट पाच मिनिटांत सांगून बघ, आणि त्यात मंडळीतला एकही शब्द नको. मी तरुणांना हे करायला लावायचो. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नसे. एक मुलगा 'प्रभूने मला' म्हणून सुरुवात करायचा, अडायचा, पुन्हा 'प्रभूने मला' म्हणायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, बाबा वारले तेव्हा मी रात्री झोपायचो नाही. आई स्तोत्र २३ म्हणायची. एका रात्री मला झोप लागली. एवढंच आहे." मी म्हटलं, एवढंच सांग.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध आठव. धर्मपुढारी त्याला घेरून विचारतात, तो माणूस पापी आहे, तुझं काय म्हणणं? तो वादात पडत नाही. म्हणतो, ते मला ठाऊक नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं एक मला ठाऊक आहे. साक्ष हा शब्द कोर्टातला आहे. साक्षीदाराने पाहिलं तेवढं सांगायचं. जास्त सांगायला गेला की उलटतपासणीत सापडतो.

मग रविवारच्या प्रश्नाला उत्तर काय? मी तुझ्या जागी असतो तर साधारण असं म्हटलं असतं: "गाणी म्हणतो, त्यातली बरीच टिळकांची, अभंगाच्या चालीवर. मग पाळक शास्त्रातला एक भाग समजावून सांगतात, कधी चांगलं, कधी कंटाळवाणं. मग सगळे मिळून आठवड्यात चुकलेल्याची क्षमा मागतो. मला तो भाग लागतो. सोमवारी ऑफिसला जाताना हलकं वाटतं." झालं. यात खोटं काही नाही, भाषण नाही, आणि तिला पुढे विचारावंसं वाटलं तर विचारायला जागा आहे. फिलिपाने नथनेलाशी वाद घातला नाही, 'येऊन पाहा' म्हणाला. तिला यायचंच असेल तर नाताळात आण. त्या दिवशी आपण सगळेच जरा बरे वागतो.

ती काही अडचणीचे प्रश्न विचारेलच.

"सगळे देव एकच ना गं?" या प्रश्नात तुला पेचात पकडायचा हेतू नसतो, बहुतेकदा तो मैत्रीचा हात असतो. त्याला 'नाही' म्हणून झटकू नकोस आणि खोटं 'हो'ही म्हणू नकोस. "मला तसं वाटत नाही, पण तुला तसं का वाटतं ते ऐकायला आवडेल" हे मी आयुष्यात शेकडो वेळा म्हटलं असेन. काही वेळा त्यातून रात्रभर गप्पा झाल्या, काही वेळा चहा आला आणि विषय संपला.

तिच्या देवांबद्दल वाकडं बोलू नकोस, मनातही नको. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसचा प्रसंग आहे. अर्तमी देवीच्या नावाने शहर पेटलं होतं. तेव्हा तिथला चिटणीस लोकांना शांत करताना म्हणतो की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौल त्या शहरात दोन वर्षांहून जास्त राहिला होता, रोज शिकवत होता, आणि तरी परक्या धर्माच्या अधिकाऱ्याकडून त्याच्या सोबत्यांना हे प्रशस्तिपत्र मिळालं. आमच्यातल्या काही प्रचारकांना ते मिळणार नाही. माईक हातात आला की त्यांना दुसऱ्याच्या देवावर विनोद सुचतात. तसल्या सभांना मी जात नाही, तूही जाऊ नकोस.

प्रसादाचं विचारशीलच. यावर आपल्यात एकमत नाही. मूर्तीला वाहिलेलं खावं का, यावर करिंथच्या मंडळीतही नव्हतं, म्हणून तर पौलाला तीन अध्याय खर्चावे लागले. तुझी सद्सद्विवेकबुद्धी नको म्हणत असेल तर हसून, सरळ सांग, "मी प्रसाद घेत नाही, पण मोदक करायला मदत करते." घेऊन वाटीखाली झाकायचा आणि रात्री कचऱ्यात टाकायचा, हे मात्र करू नकोस. ते आमच्या एका बाईंनी केलं आणि शेजारणीने पाहिलं. सहा वर्षांची मैत्री एका मोदकापायी गेली.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण तुला भीती वाटते. संविधानाच्या २५व्या कलमात धर्म प्रकट करणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं, तिन्ही आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 'प्रसार' या शब्दावर संविधान सभेत बरीच खडाजंगी झाली होती, आणि तो राहू द्यावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते, हे लोकांना माहीत नसतं. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लाऊस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. धर्मांतरावर बंधनं घालणारे मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे तेव्हा टिकले, पुढे आणखी राज्यांनी केले, आणि त्यांतल्या तरतुदी सारख्या नाहीत. आपल्या राज्यात आज काय आहे ते, आणि दुसऱ्या राज्यात बदली झाली तर तिथला कायदा, एखाद्या वकिलाकडून समजून घे. पण स्वयंपाकघरात मैत्रिणीने विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं हा कुठेच गुन्हा नाही. बळजबरी, आमिष, फसवणूक यांच्यापासून लांब राहायला मला कायद्याची गरज पडू नये, असं मला वाटतं. २०११ मध्ये जागतिक मंडळी परिषद, व्हॅटिकन आणि इव्हँजेलिकल मंडळ्यांची जागतिक संघटना यांनी एकत्र बसून ख्रिस्ती साक्षीचे नियम काढले, त्यातही हेच आहे. एरवी हे तिघे एका टेबलावर सहसा बसत नाहीत.

आणि समज, दोन-तीन वर्षांनी ती म्हणालीच, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. उड्या मारू नकोस. तरुण संघात तर सांगूच नकोस. माझ्याकडे असं कुणी आलं की मी किमान एक वर्ष थांबवत असे. लूकमध्ये येशूच म्हणतो ना, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या. खर्च खरोखरचा असतो. घर दुखावतं. लग्नाचा प्रश्न येतो. ती अनुसूचित जातीतली असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती जातात. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. हे तिला बाप्तिस्म्याआधी कुणीतरी स्वच्छ सांगायला हवं. मी सांगायचो तेव्हा आमच्याच लोकांनी मला टोकलं, "साहेब, तुम्ही माणसं आणता की घालवता?" काही जण खरंच परत गेले. त्यातला एक जण अजून दिवाळीला फराळ घेऊन येतो. वर्षभर थांबून, आईला सांगून, सगळं ऐकून जे आले, ते बहुतेक टिकले.

आणि ती कधीच तसं म्हणाली नाही तर? मग ती तुझी मैत्रीण आहे. अथेन्समध्ये पौलाचं ऐकून काही जण हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. हसलेल्यांवर तो उलटला नाही, नुसता तिथून निघाला. तुला तर निघायचंही नाही, भाड्याचा करार आहे. माझा सर्वांत जुना मित्र वारकरी आहे. चाळीस वर्षं तो मला ज्ञानेश्वरी ऐकवतो आणि मी त्याला योहान. त्याचं काही बदललं नाही, माझंही नाही, मात्र त्याच्यामुळे मी योहानाचा पहिला अध्याय बराच जास्त समजलो, 'शब्द' म्हणजे काय यावर त्याच्याइतकं मला कुठल्याच सेमिनरीत कुणी बोललं नव्हतं. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. त्याला ते ठाऊक आहे. तो म्हणतो, करत जा, गुडघा दुखतोय.

परवा मंगळवार आहे. संध्याकाळी ती उपास सोडेल तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेव, तिच्याजवळ बस आणि विचार की हा मंगळवार कधीपासून धरलास गं, आणि कुणासाठी. येशूचं नाव त्या दिवशी निघालं नाही तरी चालेल. ती काय म्हणाली ते मला लिहून कळव.